गृहकर्ज अर्ध्यावर आणि नोकरी बदलायची वेळ: सरकारी बँक, खाजगी बँक, हाउसिंग फायनान्स आणि एजंट यांचा आढावा

गृहकर्ज निवडताना बहुतेक जण व्याजदर आणि प्रोसेसिंग फी बघून थांबतात. या आढाव्यात कसोटी वेगळी आहे. अर्ज दाखल झाला, पण चेक अजून निघाला नाही, आणि मधेच अर्जदाराने नोकरी बदलली, तर कर्ज देणारी संस्था त्याला कशी वागवते? पुण्या-मुंबईत हा योग वारंवार जुळून येतो. आयटीत नोटीस पिरियड साठ-नव्वद दिवसांचा असतो, चांगली ऑफर नेमकी फ्लॅट बुक केल्यावर येते आणि बिल्डरचं डिमांड लेटर कोणासाठी थांबत नाही. बँकांच्या माहितीपत्रकात यावर बहुधा एक ओळही नसते. शाखेत विचारलं तर "होऊन जाईल सर" एवढं उत्तर मिळतं, आणि त्या उत्तरावर विसंबून लोक राजीनामा देतात.

सगळ्यात मोठा घोटाळा सँक्शन लेटरवरून होतो. ते हातात आलं की कर्ज झालं, असं घरात जाहीर होतं. प्रत्यक्षात ते पत्र म्हणजे त्या तारखेच्या तुमच्या परिस्थितीवर दिलेली सशर्त मंजुरी असते. मुदत सहसा तीन ते सहा महिने. शेवटच्या पानांवरच्या बारीक अटींमध्ये दोन वाक्यं हमखास सापडतात: उत्पन्न किंवा नोकरीत बदल झाल्यास बँकेला कळवणं बंधनकारक आहे, आणि असा बदल आढळल्यास मंजुरी रद्द करण्याचा किंवा रक्कम कमी करण्याचा अधिकार बँकेकडे आहे. तुमची सही त्या पानावरही असते.

पूर्ण वाट अशी. लॉगिन म्हणजे अर्जाची नोंद, सिबिल, कागदपत्रांची छाननी, घर आणि ऑफिसचं व्हेरिफिकेशन, कधी क्रेडिट मॅनेजरशी पीडी म्हणजे समोरासमोर बोलणं, मग सँक्शन. त्यानंतर मालमत्तेचं लीगल आणि टेक्निकल (मालकीच्या कागदांची आणि बांधकाम-किमतीची तपासणी), ॲग्रीमेंटची नोंदणी, कर्जाच्या करारावर सह्या, ईएमआयसाठी नॅच मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची परवानगी), बिल्डरची एनओसी आणि मग डिस्बर्समेंट, म्हणजे चेक निघणं. महाराष्ट्रात मूळ कागद बँकेकडे ठेवल्यापासून तीस दिवसांत नोटीस ऑफ इंटिमेशनही, म्हणजे मालमत्ता गहाण ठेवल्याची सूचना, दाखल करावी लागते. प्रकल्प बँकेच्या मंजूर यादीत असेल आणि कागद पूर्ण असतील, तर एवढं सगळं महिना-दीड महिन्यात उरकतं. रीसेलमध्ये सोसायटीची एनओसी आणि विकणाऱ्याच्या जुन्या कर्जाचं फोरक्लोजर लेटर (किती फेडायचं राहिलं याचं पत्र) यांत आणखी दिवस जातात. नोकरीची तपासणी या वाटेवर निदान दोनदा होते, एकदा सँक्शनआधी आणि एकदा चेक निघायच्या तोंडावर. दुसरी तपासणी लोकांच्या गावीही नसते.

बदल उघड होतो तो बहुतेक वेळा चार जागी. एचआरच्या अधिकृत ईमेलवर व्हेरिफिकेशनचा मेल जातो. राजीनामा दिलेला असेल तर तिकडून उत्तर येतं, "कर्मचारी नोटीस पिरियडवर आहे." दुसरी जागा बँक स्टेटमेंट. बऱ्याच कंपन्या शेवटच्या महिन्याचा पगार रोखून फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे शेवटच्या हिशेबात, देतात, म्हणजे स्टेटमेंटमध्ये एका महिन्याची पगाराची ओळच गायब. क्रेडिट मॅनेजरला ते नोकरी गेल्यासारखं दिसतं. तिसरी जागा ऑफिसवर जाणारा माणूस, जो रिसेप्शनवर नाव विचारून येतो. चौथी जागा ईपीएफओचं पासबुक, आणि हल्ली सगळ्यात जास्त प्रकरणं तिथेच अडकतात.

पासबुकात नेमकं काय दिसतं ते बघा. एका महिन्याचा पीएफ कंपनीने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. तुम्ही १० जूनला नव्या कंपनीत रुजू झालात, तर तिथली पहिली नोंद जुलैच्या मध्यानंतर उमटते. दरम्यान जुन्या कंपनीने डेट ऑफ एक्झिट भरलेली नसते. म्हणजे सर्व्हिस हिस्टरी उघडली की जुनी नोकरी चालूच आहे असं दिसतं, पासबुकात शेवटचं योगदान एप्रिल किंवा मेचं, आणि नव्या कंपनीचं नाव कुठेच नाही. हातात मात्र तुम्ही नव्या कंपनीचं ऑफर लेटर घेऊन बसलेले. या विसंगतीवर फाइल 'होल्ड'ला जाते. डेट ऑफ एक्झिट सदस्याला स्वतःही ऑनलाइन भरता येते, पण शेवटच्या योगदानाला दोन महिने झाल्यावरच. त्यामुळे नोटीस पिरियडमध्ये असतानाच जुन्या एचआरकडे लावून धरा: रिलिव्हिंग लेटर, शेवटची सॅलरी स्लिप, आणि शेवटच्या दिवसानंतर लगेच एक्झिटची नोंद.

दुसरा खड्डा पगाराच्या आकड्यात. नवी ऑफर मोठी म्हणजे पात्रता मोठी, हे गृहीतक बऱ्याचदा उलटं पडतं, कारण बँक सीटीसी (कंपनीला तुमच्यावर वर्षाला पडणारा एकूण खर्च) बघत नाही, दरमहा हातात येणारी ठरलेली रक्कम बघते. जॉइनिंग बोनस धरत नाहीत. शेअर्स धरत नाहीत. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारी रक्कम, धरलं तर त्याचा काही हिस्सा, तोही दोन वर्षांचा इतिहास असेल तर. नव्या कंपनीत इतिहास शून्य. एक हिशेब करून बघू. जुना सीटीसी १७ लाख, सगळा फिक्स्ड, हातात महिना १,१३,०००. नवा सीटीसी २१ लाख, पण त्यात ३.५ लाख व्हेरिएबल, १.५ लाख जॉइनिंग बोनस, कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही आतच, हातात १,०५,०००. बँकेने एकूण हप्त्यांना पगाराच्या ५० टक्के मर्यादा लावली आणि कारचा हप्ता १२,००० चालू आहे असं धरू. ८.५ टक्के दराने वीस वर्षांसाठी लाखाला सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो. जुन्या पगारावर ४४,५०० चा हप्ता झेपतो, म्हणजे साधारण ५१.२५ लाखांचं कर्ज. नव्या पगारावर ४०,५००, म्हणजे ४६.६५ लाख. सीटीसी चार लाखांनी वाढला आणि कर्ज साडेचार लाखांनी घटलं. ॲग्रीमेंट ६५ लाखांचं असेल तर पदरचे पैसे १३.७५ लाखांवरून १८.३५ लाखांवर जातात. पुणे महापालिका हद्दीत पुरुषाच्या नावावर ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ४.५५ लाख, नोंदणी फी ३०,००० आणि बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी, हे सगळं त्याच्यावर.

ऑफर लेटर हातात आलं की सही करण्याआधी नव्या एचआरकडून पगाराची महिनावार फोड मागून घ्या आणि ती बँकेला दाखवून पात्रता पुन्हा काढून घ्या. एका दिवसाचं काम आहे. एक उलटी गोष्टही लक्षात ठेवा. आर्थिक वर्षाच्या मधे नोकरी बदलली आणि जुन्या कंपनीतलं उत्पन्न नव्या कंपनीला कळवलं नाही, तर नवी कंपनी टीडीएस कमी कापते आणि पहिल्या काही स्लिपवर नेट पगार फुगलेला दिसतो. जाणता क्रेडिट मॅनेजर तो फुगवटा वजा करून बसतो.

आता संस्थांकडे वळू.

सरकारी बँका. व्याजदर बहुधा सगळ्यात कमी, छुपे खर्च कमी, आणि नियम कागदावर असतात. पण फाइल शाखेत ठरत नाही, ती प्रोसेसिंग सेंटरला जाते, आणि तिथल्या अधिकाऱ्याला तुमचा चेहरा माहीत नसतो. नोकरी बदलल्यावर पहिला प्रश्न येतो तो प्रोबेशनचा. नव्या कंपनीत सहा महिने प्रोबेशन असेल तर काही बँका कन्फर्मेशन लेटरशिवाय पुढे जात नाहीत. काही ठिकाणी एकूण अनुभव दोन वर्षांहून जास्त, त्याच क्षेत्रातली नोकरी आणि दोन नोकऱ्यांमध्ये खंड नाही, एवढ्यावर काम होतं, मात्र वरच्या अधिकाऱ्याची 'डेव्हिएशन', म्हणजे नियमाला अपवाद करण्याची, मंजुरी लागते. ती मिळते, पण मागावी लागते. मागण्यासाठी शाखेच्या अधिकाऱ्याला लेखी मुद्दे तयार करून द्या: गेल्या तीन नोकऱ्यांच्या तारखा, दोन वर्षांचे फॉर्म १६, सिबिल, आणि नवी कंपनी काय करते याच्या चार ओळी. तुम्ही दिलं नाही तर तो स्वतःहून लिहीत बसणार नाही. या कसोटीवर पाचपैकी तीन. घाई नसेल आणि नवी कंपनी नावाजलेली असेल तर आमची पहिली पसंती तरीही हीच.

खाजगी बँका. वेग उत्तम; पगाराचं खातं त्यांच्याकडेच असेल तर सँक्शन दोन-तीन दिवसांतही निघतं. इथे सगळं फिरतं कंपनीच्या वर्गवारीवर. प्रत्येक बँकेकडे कंपन्यांची अंतर्गत यादी असते. मोठी लिस्टेड कंपनी वरच्या वर्गात, नवखं स्टार्टअप तळाला किंवा यादीबाहेर. वरच्या वर्गातून वरच्याच वर्गात उडी मारली तर ऑफर लेटर, रिलिव्हिंग लेटर आणि नव्या कंपनीची पहिली सॅलरी स्लिप, एवढ्यावर फाइल पुन्हा चालू होते. यादीबाहेरच्या कंपनीत गेलात तर पगार वाढूनही हप्त्याची मर्यादा खाली येऊ शकते. म्हणून रिलेशनशिप मॅनेजरला नेमका हा प्रश्न विचारा: "नवी कंपनी तुमच्या यादीत कोणत्या कॅटेगरीत आहे?" उत्तर कंपनीच्या नोंदणीकृत पूर्ण नावावर मागा, कारण ब्रँडचं नाव एक आणि पगार देणारी कंपनी भलतीच, असं सर्रास असतं. पगार थर्ड पार्टी पेरोलवरून होणार असेल तर वर्ग ठरतो त्या पेरोल कंपनीचा. डिस्बर्समेंटच्या आदल्या दिवशी पुन्हा व्हेरिफिकेशन करण्यात याच बँका सगळ्यात काटेकोर. त्याला आम्ही दोष म्हणत नाही. दोष हा की फाइल अडली की रिलेशनशिप मॅनेजर फोन उचलेनासा होतो आणि अडलेल्या कारणाचा कागद कोणी देत नाही. पाचपैकी साडेतीन, तेही वेगामुळे.

हाउसिंग फायनान्स कंपन्या. लवचिकपणात यांचा हात कोणी धरत नाही. प्रोबेशनवरचा माणूस, एकच सॅलरी स्लिप, मधे महिनाभराचा खंड, असं सगळं त्या ऐकून घेतात, पीडीला घरी माणूस पाठवतात आणि निर्णय देतात. किंमत व्याजात मोजावी लागते. शिवाय बँकांची नवी फ्लोटिंग (बदलत्या दराची) गृहकर्जं ऑक्टोबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेच्या रेपोसारख्या बाह्य दराशी बांधलेली आहेत. हाउसिंग फायनान्सवर ते बंधन नाही, त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या बेंचमार्कवर चालतो आणि खाली यायला वेळ घेतो. तरी अडलेल्या माणसासाठी ही वाट खरी आहे: आता इथून घ्या, नव्या नोकरीत कायम झालात आणि वर्षभराचे हप्ते वेळेवर गेले की बँकेत बॅलन्स ट्रान्सफर करा, म्हणजे उरलेलं कर्ज तिकडे हलवा. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. मात्र नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, पुन्हा लीगल-टेक्निकल आणि पुन्हा नोटीस ऑफ इंटिमेशन हा खर्च आधीच धरून चला. व्याजदरातला फरक अर्ध्या टक्क्याहून कमी असेल तर हिशेब नीट मांडूनच हलवा. पाचपैकी चार, नाइलाज असलेल्यांसाठी.

एजंट, म्हणजे डीएसए. त्यांचं कमिशन बँक देते, तेही डिस्बर्समेंट झाल्यावर. म्हणून चेक निघणं हाच त्यांचा रस. चांगला एजंट कोणत्या बँकेत कोणती कंपनी कुठल्या वर्गात आहे हे तोंडपाठ सांगतो, आणि ही माहिती खरंच मोलाची आहे. पण "राजीनाम्याचं बोलू नका, चेक निघेपर्यंत गप्प बसा" हा सल्ला देणारा एजंट ताबडतोब सोडा. कर्ज करारात चुकीची किंवा दडवलेली माहिती ही कसुरी मानलेली असते, आणि सही एजंटची नसते, तुमची असते. एचआरचं ईमेल उत्तर डिस्बर्समेंटच्या आदल्या दिवशी आलं तर सही, नोंदणी, मुद्रांक शुल्क सगळं होऊनही चेक अडतो, आणि बिल्डरचं व्याज सुरू होतं. महारेराच्या नियमांनुसार ते व्याज म्हणजे स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (निधीच्या खर्चावर ठरणारा कर्जाचा मूळ दर) अधिक दोन टक्के.

एक बदल मात्र कुठलीच बँक पटकन पचवत नाही: पगारी नोकरी सोडून कन्सल्टंट होणं. कंपनी तीच, काम तेच, रक्कम जास्त, पण पीएफ बंद आणि टीडीएस पगाराऐवजी व्यावसायिक शुल्काखाली कापला जातो. त्या दिवसापासून बँकेच्या लेखी तुम्ही स्वयंरोजगारी झालात, आणि स्वयंरोजगाराला दोन ते तीन वर्षांची विवरणपत्रं लागतात. शाखेत कितीही समजावलं तरी पगारी गटाची मंजुरी त्या फाइलवर टिकत नाही. असा करार समोर असेल तर शेवटचा चेक निघेपर्यंत पगारी करारावरच राहा, किंवा पती-पत्नीपैकी ज्याची नोकरी स्थिर आहे त्याच्या उत्पन्नावर अर्ज बांधा.

राजीनामा कधी द्यायचा? रीसेल असेल तर उत्तर सोपं: पूर्ण रक्कम एकदाच सुटते, म्हणून विकणाऱ्याच्या हातात चेक पडेपर्यंत थांबा. महिन्या-दीड महिन्याचा प्रश्न असतो आणि नवी कंपनी रुजू होण्याची तारीख तेवढी बहुतेक वेळा पुढे ढकलते. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला तीन-तीन वर्षं हप्त्या-हप्त्याने पैसे सुटतात, तेवढा काळ नोकरीला चिकटून राहणं शक्य नाही, गरजही नाही. पहिलं डिस्बर्समेंट झालं की पुढच्या प्रत्येक टप्प्याला बँका सहसा पगार पुन्हा तपासत नाहीत. हप्ते चुकलेत का, एवढं मात्र बघतात. तेव्हा गाठायचा टप्पा म्हणजे पहिला चेक.

आधीच राजीनामा दिला असेल तर ॲग्रीमेंटची नोंदणी थांबवा. रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही, म्हणजे नोंदणीआधी तुमचा जीव तेवढ्याच रकमेत अडकलेला असतो. नोंदणीनंतर मुद्रांक शुल्क आणि पुढच्या मागण्या अंगावर येतात. बिल्डरकडून नोंदणीसाठी महिनाभराची मुदत ईमेलवर मागा, आणि बँकेला त्याच दिवशी मेल टाका. मजकूर एवढा पुरे: "अर्ज क्रमांक अमुक. मी अमुक तारखेला राजीनामा दिला असून शेवटचा दिवस अमुक आहे, अमुक तारखेला नव्या कंपनीत रुजू होत आहे. ऑफर लेटर, राजीनामा स्वीकारल्याचा ईमेल आणि गेल्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप सोबत जोडल्या आहेत. सध्याची मंजुरी कायम राहील की फेरतपासणी होईल, आणि त्यासाठी आणखी कोणते कागद लागतील, ते लेखी कळवावे." फोनवरचं "चालेल" पुढे कोणी मान्य करत नाही, या मेलचं उत्तर मात्र वर तक्रार करताना कामी येतं. रक्कम किंवा दर बदलला तर नवं की फॅक्ट स्टेटमेंट मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना ते द्यावंच लागतं, आणि सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो हे त्यात छापलेलं असतं.

प्रोसेसिंग फीचंही आधी विचारून ठेवा. फीवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि मंजुरी रद्द झाली तर ती बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही. फेरतपासणीला पुन्हा फी लागणार का, हा प्रश्न त्याच मेलमध्ये घाला.

बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. हाउसिंग फायनान्स कंपनी असेल तर तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेच्या 'ग्रिड्स' पोर्टलवर. मंजुरी द्यायची की नाही हा निर्णय लोकपाल बदलत नाही. पण अडवून ठेवलेले मूळ कागद, न सांगता कापलेली फी, न दिलेलं उत्तर यांवर तक्रार चालते.

चेक निघाल्यानंतरची एक गोष्ट हमखास विसरली जाते. नॅच मँडेट जुन्या पगाराच्या खात्यावर असतं आणि नवी कंपनी दुसऱ्याच बँकेत खातं उघडते. जुन्या खात्यात सलग काही महिने पगार आला नाही की ते साधं बचत खातं होतं, काही बँकांत किमान शिल्लक ठेवावी लागते, नाहीतर दंड कापला जातो, आणि हप्त्याला शंभर-दोनशे रुपये कमी पडून मँडेट बाउन्स होतं. बाउन्सचा दंड लागतोच, पण हप्ता वेळेत भरला गेला नाही तर सिबिलवर उशिराची नोंद उमटते आणि बिल्डरच्या पुढच्या डिमांडला बँक तीच नोंद उघडून बघते. नव्या खात्यातून जुन्या खात्यात हप्त्याच्या तारखेआधी पाच दिवस पैसे वळते करण्याची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन पहिल्या पगारालाच लावा, आणि नवं मँडेट नोंदवून त्यातून एक हप्ता कापला गेल्याचं स्टेटमेंटमध्ये दिसेपर्यंत जुनं खातं बंद करू नका.